लहान मुलांना जन्मजात काय आणि शिकलेलं काय हे कसं समजावायचं? कार्डं बरोबर लावतात पण कळलेलं नसतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दुसरीच्या मुलांना जन्मजात गुण आणि शिकलेल्या गोष्टी हा भाग शिकवला, मग चित्रांची कार्डं दोन कॉलममध्ये लावायला दिली आणि जवळपास सगळ्यांनी बरोबर लावली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली की कोळ्याला जाळं विणायला त्याची आई शिकवते, आणि एका मुलाने विचारलं की बाबांच्या कपाळावर जखमेचा व्रण आहे, तर मलाही मोठेपणी तसा येणार का. मग कार्डं बरोबर कशी लागली, असं तुम्ही विचारताय.

मी प्राथमिकच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि बरीच वर्षं नवीन शिक्षकांची ट्रेनिंगही घेते, त्यामुळे हे चित्र माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. माझं मत विचाराल तर तुमच्या शिकवण्यात दोष नाहीये, दोष कार्डांच्या सेटमध्ये आहे. बाजारात किंवा नेटवर मिळणारे बहुतेक सेट बघा, जन्मजात बाजूला डोळ्यांचा रंग, कुरळे केस, उंची, मांजराच्या अंगावरचे पट्टे, आणि शिकलेल्या बाजूला सायकल चालवणं, वाचणं, पोहणं, कुत्र्याने हात देणं. मुलं काही कमी हुशार नसतात, त्यांना दोन मिनिटांत एक पॅटर्न सापडतो, की जे अंगावर दिसतं ते जन्मजात आणि जे आपण करतो ते शिकलेलं. या नियमाने त्या वर्कशीटला पैकीच्या पैकी मार्क पडतात. फक्त तो नियम चुकीचा आहे. कोळी जाळं विणतो, म्हणजे काहीतरी करतो, म्हणजे शिकला असणार. व्रण अंगावर दिसतो, म्हणजे जन्मजात असणार. तुमच्या दोन्ही मुलांनी स्वतःचा नियम अगदी नीट वापरलाय, उलट मी तर म्हणेन की प्रश्न विचारणारी हीच दोन मुलं वर्गात सगळ्यात जास्त विचार करत होती.

आता पुढे जे सांगतेय त्यातलं किती घ्यायचं ते तुमच्यावर आहे. मुलं सहा वर्षांची आहेत की आठ, वर्गात वीस आहेत की साठ, परीक्षेत दोन कॉलमचाच प्रश्न येणार आहे का, मुलांनी प्राणी जवळून पाहिलेत का, या सगळ्यावर ते ठरतं. सहा वर्षांच्या मुलांना मी फक्त प्राण्यांपर्यंतच नेते, माणसांकडे वळतच नाही. त्याचं कारणही सांगते.

मुलांना या विषयातलं आधीपासून काय कळत असतं यावर चांगला अभ्यास झालाय. १९९१ मध्ये सुझन गेलमन आणि हेन्री वेलमन यांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली, एक वासरू जन्मल्या जन्मल्या डुकरांमध्ये नेलं आणि तिथेच वाढलं, तर ते मोठेपणी हंबरेल की डुकरासारखं ओरडेल, शेपूट सरळ असेल की वेटोळी. चार वर्षांची मुलंसुद्धा बहुतेक वेळा सांगतात की हंबरेल आणि शेपूट सरळच असेल. म्हणजे गाईच्या पोटी गायच, एवढं त्यांना कोणी न शिकवताच पटलेलं असतं. पण १९९६ मध्ये ग्रेग सोलोमन, सुझन कॅरी वगैरेंनी असाच प्रश्न माणसांच्या बाबतीत विचारला, की बाळ जन्मलं एका घरी आणि वाढलं दुसऱ्या घरी, तर त्याची उंची कोणावर जाईल आणि त्याला काय काय माहीत असेल. इथे लहान मुलं गोंधळतात. अंगाचे गुण जन्म देणाऱ्यांसारखे आणि माहिती, समजुती वाढवणाऱ्यांसारख्या, हा फरक साधारण सात वर्षांच्या आसपास नीट जमायला लागतो. तुमची दुसरी म्हणजे बरोब्बर त्या उंबरठ्यावरची मुलं. अर्ध्यांना पटकन जमेल, अर्ध्यांना नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून सुरुवात प्राण्यांपासून, जिथे त्यांची समज आधीच पक्की आहे.

मी काय करते तर चार प्रकारची कार्डं ठेवते. अंगावर दिसणारं आणि जन्मजात (वाघाचे पट्टे), करायचं आणि शिकलेलं (कुत्र्याचं 'बस' म्हटल्यावर बसणं), हे दोन तुमच्याकडे आहेतच. त्यात आणखी दोन घाला. करायचं पण जन्मजात, जसं कोळ्याचं जाळं, समुद्री कासवाच्या पिल्लांचं वाळूतून निघून पाण्याकडे धावणं, तान्ह्या बाळाचं दूध ओढणं. आणि अंगावर दिसणारं पण जन्मजात नसलेलं, जसं व्रण, कापलेले केस, उन्हाने रापलेली कातडी, फ्लेमिंगोचा गुलाबी रंग. फ्लेमिंगो मुलांना फार आवडतो कारण त्याची पिल्लं राखाडी असतात आणि गुलाबी रंग खाण्यातून येतो, ती जी शेवाळं आणि बारीक कोळंबीसारखे जीव खातात त्यातल्या रंगद्रव्यांमुळे. तसं खाणं मिळालं नाही तर पुढच्या पिसांचा रंग फिका पडतो. आता हा रंग त्याने शिकला का? नाही. जन्मजात आहे का? पूर्णपणे तसंही नाही. इथे दोन कॉलम पुरत नाहीत हे मुलांना स्वतःलाच दिसतं, आणि ते आपण सांगण्यापेक्षा त्यांना दिसलेलं बरं.

तर मी तिसरा कॉलम ठेवते, 'बाहेरून झालं' अशा नावाने. व्रण तिथे, रापलेली कातडी तिथे, फ्लेमिंगो तिथे. जाणकार म्हणतील की हे ढोबळ आहे, फ्लेमिंगोचं शरीर तो रंग पिसांत साठवू शकतं ही क्षमता जन्मजातच आहे ना. बरोबर आहे, पण दुसरीत एवढं पुरे.

आणि कार्ड कुठे ठेवायचं ते ठरवायला एकच प्रश्न, तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: याला कोणी दाखवलं नसतं, याने कधी पाहिलंही नसतं, तरी याला हे आलं असतं का? बाकी व्याख्या वगैरे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका, व्याख्या पाठ असलेली मुलंही कोळ्याच्या आईला शिकवणीला बसवतात.

या प्रश्नावर सगळ्यात भारी चालते ती कोकिळेची गोष्ट. मी ती तुकड्या तुकड्यात सांगते. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात. थांबायचं. पिल्लू बाहेर येतं, कावळी त्याला भरवते, आजूबाजूला दिवसभर नुसती काव काव. परत थांबायचं आणि विचारायचं, आता हा नर कोकीळ मोठा झाला, तो काय ओरडेल? वर्गाचे सरळ दोन तट पडतात. एक गट म्हणतो काव काव, कारण तेच ऐकलंय. दुसरा म्हणतो कुहू, कारण तो कोकीळच आहे. कोणालाही लगेच बरोबर-चूक सांगायचं नाही, फक्त 'तुला असं का वाटतं' एवढंच विचारायचं. एकदा एका मुलीने सांगितलं, "टीचर, त्याच्या घशातच कुहू असेल." मला वर्षभर सांगून जमलं नसतं इतकं नेमकं. आणि हो, तो कुहूच करतो, कावळ्यांत वाढूनही.

पण लगेच मुलं उडी मारतात की म्हणजे सगळ्या पक्ष्यांचं गाणं जन्मजात. तर तसं नाही. अमेरिकेत डोक्यावर काळेपांढरे पट्टे असलेली एक चिमणी असते, तिच्यावर पीटर मार्लर यांनी १९६० च्या दशकात आणि पुढेही बरंच काम केलं. त्या जातीचं पिल्लू लहानपणापासून एकटं ठेवलं, मोठ्यांचं गाणं कानावर पडूच दिलं नाही, तर ते मोठं झाल्यावर गातं पण धड गात नाही, सूर तुटका आणि विचित्र येतो. साधारण पहिल्या दोन महिन्यांच्या आत गाणं ऐकलं तर येतं, नंतर ऐकवून फारसा उपयोग होत नाही. आणि गंमत म्हणजे दोन वेगवेगळ्या जातींची गाणी ऐकवली तर ते पिल्लू आपल्याच जातीचं उचलतं. म्हणजे शिकायचं काय याचा कल जन्मजात आणि प्रत्यक्ष गाणं शिकलेलं. कोकीळ आणि ही चिमणी शेजारी शेजारी ठेवली की 'पक्ष्याचं गाणं' हे कार्ड कुठे ठेवायचं याला एकच उत्तर नाही हे स्पष्ट होतं, कोणता पक्षी ते विचारायला लागतं. तिसरी-चौथीला हे जरूर सांगा, दुसरीला कोकीळ पुरे.

माणसाच्या भाषेचंही हेच आहे बरं का. बोलायची क्षमता घेऊन येतो, भाषा कोणती ते आजूबाजूवर. मुलांना विचारा, जन्मल्यावर लगेच तू दुसऱ्या देशात वाढला असतास तर कोणती भाषा बोलला असतास, आणि तुझ्या डोळ्यांचा रंग बदलला असता का. ही जोडी मला एकत्रच विचारायला आवडते, कारण एकाच मुलात दोन्ही गोष्टी आहेत हे एका वाक्यात येतं.

आता एक गोष्ट जी पुस्तकात सहसा नसते पण वर्गात नक्की अडते. मुलांना वाटतं जन्मजात म्हणजे जन्मताना दिसलंच पाहिजे. याला औषध त्यांच्या तोंडातच आहे, अक्षरशः. सहा-सात वर्षांची मुलं, अर्ध्यांचे पुढचे दात पडलेले. विचारा, नवीन दात कसा उगवायचा हे कोणी शिकवलं? जन्मलास तेव्हा होता का? मग हा कुठल्या कॉलममध्ये? पहिल्यांदा शांतता, मग जीभ लावून दात चाचपणं सुरू, मग कोणीतरी म्हणतं की "तो आतच होता, उशिरा येणार होता." बस, झालं काम. मिशी, पांढरे केस, सिंहाची आयाळ, सगळं याच्या मागोमाग येतं. चालणंसुद्धा. आपण बाळाचं बोट धरतो आणि आपल्याला वाटतं आपण चालायला शिकवलं, पण धडपडायला मोकळीक मिळाली की निरोगी बाळ साधारण वर्षाच्या आसपास स्वतःच चालायला लागतं, कोणी धडे दिले नाहीत तरी. यावर वर्गात भांडणं होतात, होऊ द्या.

उलट्या बाजूने एक खाचखळगा आहे. जन्मजात म्हणजे पहिल्यापासून परफेक्ट असं नाही. सुगरणीच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदावर निकोलस आणि एल्सी कॉलियस या जोडप्याने वर्षानुवर्षं निरीक्षणं केली, त्यात तरुण नरांची पहिली पहिली घरटी अगदी ओबडधोबड असतात, सैल विणीची, आणि सरावाने ती सुधारत जातात. विणायची ओढ अंगातली, सफाई हाताची, म्हणजे चोचीची.

हे सगळं बोलून झालं की हाताने करायचं काहीतरी पाहिजे, नाहीतर नुसतं कार्डं कार्डं होतं. माझा आवडता प्रयोग घेवड्याच्या किंवा कुठल्याही मोठ्या शेंगेच्या बियांचा आहे. एकाच शेंगेतल्या बिया घ्या, अर्ध्या खिडकीत, अर्ध्या बंद कपाटात, पाणी दोघांना सारखं. आठ-दहा दिवसांनी कपाटातली रोपं बाहेर काढली की वर्ग ओरडतोच, कारण ती पांढरट पिवळी, लांबच लांब, काडीसारखी आणि लुळी असतात, पानं बारकी मिटलेली. खिडकीतली ठेंगणी आणि हिरवी. मग विचारा, यांचे आईबाबा तर एकच, मग ही अशी का? कोणी शिकलं का काही? एक तरी मूल म्हणणारच की कपाटातल्या रोपाने उंच व्हायला शिकलं उजेड शोधायला. त्याला हसू देऊ नका, चांगला विचार आहे तो, फक्त विचारा की त्याला कोणी दाखवलं. मग ती रोपं उजेडात ठेवा, काही दिवसांत पानं हिरवी होतात. हिरवं व्हायची ताकद बीमध्ये होती, उजेड मिळाला नव्हता. तो तिसरा कॉलम मुलांच्या डोक्यात पक्का बसतो तो या रोपांमुळे, फ्लेमिंगोने नाही, फ्लेमिंगो शेवटी चित्रातलाच.

जिज्ञासू मुलांसाठी एक भर म्हणजे सयामी मांजर. पिल्लं जन्मतात जवळजवळ पांढरी, मग कान, नाक, पंजे, शेपटी काळपट होतात. त्यांच्यात रंग बनवणारं जे एन्झाइम असतं ते थंडाव्यातच नीट काम करतं, आणि शरीराची ही टोकं बाकी अंगापेक्षा थंड असतात. आईच्या पोटात सगळीकडे ऊबच म्हणून जन्मताना गोरीपान. गुण जन्मजात, पण तो कुठे उमटणार ते तापमान ठरवतं. मुलांना एन्झाइम शब्द नका देऊ, 'रंगाचा कारखाना थंडीत चालतो' म्हटलं तरी चालतं.

आता काय करू नका त्याबद्दल, आणि इथे मी जरा कडक आहे. जीभ गोल वळवता येते का हा खेळ जवळपास प्रत्येक वर्गात होतो आणि शिक्षक सांगतात बघा हे आईबाबांकडून येतं. १९४० मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी तसं मांडलं होतं खरं, पण १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी ३३ एकसारख्या जुळ्या जोड्या तपासल्या आणि त्यातल्या ७ जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती, दुसऱ्याला नाही. एकसारख्या जुळ्यांमध्ये जर फरक पडतोय तर हे सरळसोट वारशाचं उदाहरण होऊच शकत नाही, आणि स्टर्टेव्हंट यांनीही नंतर ते मान्य केलं. शिवाय काही मुलं सरावाने शिकतातसुद्धा. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, त्याचंही तसंच, प्रत्यक्षात पाळ्या मधल्या सगळ्या प्रकारच्या असतात. मग घरी जाऊन मूल म्हणतं माझी जीभ वळते तुमची कोणाचीच नाही, मी तुमचा आहे ना? हे मी ऐकीव सांगत नाहीये.

तसंच 'घरी कोण कोणासारखं दिसतं ते लिहून आणा' हा होमवर्क. कृपया देऊ नका. वर्गात दत्तक घेतलेलं मूल असू शकतं, ज्याला एकच पालक आहे असं असू शकतं, आजी-आजोबांकडे वाढणारं असू शकतं, आणि तुम्हाला ते माहीत असेलच असं नाही. रंग, उंची, वजन यावरून चिडवाचिडवीही लगेच सुरू होते. मांजर आणि तिची चार पिल्लं यांचं चित्र द्या, पिल्लं आईसारखी कुठे आणि वेगळी कुठे हे शोधायला सांगा, काम तेच होतं आणि कोणाच्या घरात डोकावावं लागत नाही. यात आणखी एक फायदा असा की 'मुलगी आईवर जाते, मुलगा बाबांवर' हा जो मुलांचा आवडता समज आहे तो मोडतो, कारण नर पिल्लावर आईचेच ठिपके दिसतात.

तिसरी गोष्ट बुद्धीची. "मला गणित येत नाही कारण आईलाही यायचं नाही" हे वाक्य तुमच्या वर्गात येणारच, आलं नसेल तर येईल. मोठ्या माणसांच्या चर्चेत क्षमता किती वारशाने, किती परिस्थितीने यावर खूप बोलता येईल, पण सात वर्षांच्या मुलासाठी उत्तर सोपं आहे आणि खरंही आहे: बेरीज कोणालाच जन्मतः येत नाही, ती प्रत्येकाला शिकावीच लागते, कोणाला लवकर जमते कोणाला उशिरा. गणित शिकलेल्या कॉलममध्ये, विषय संपला. इथे 'दोन्ही असतं बरं का' म्हणत बसू नका, मूल त्यातलं त्याला सोयीचं तेवढंच उचलतं.

आता तुमच्या त्या दोन मुलांकडे. कोळ्यावाल्या मुलीला सांगा की जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या काही जातींमध्ये पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा आई जिवंतच नसते, आणि तरी ती इवलीशी पिल्लं इवलीशी जाळी विणतात, आपल्या जातीच्याच नमुन्याची. मग तिलाच विचारा, आता सांग कोणी शिकवलं. आई नसते हे ऐकून एखादं मूल हळवं होतं, त्याची तयारी ठेवा, कासवाचं उदाहरण त्या मानाने हलकं जातं, आई अंडी वाळूत पुरून समुद्रात परत गेलेली असते इतकंच.

व्रणवाल्या मुलाला उलटा प्रश्न. तू केस एकदम बारीक कापलेस आणि मोठा होऊन तुला बाळ झालं, तर बाळाचे केस बारीक कापलेलेच येतील का? हसतात, आणि हसता हसता कळतं. तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी, हा प्रश्न एकेकाळी मोठ्या शास्त्रज्ञांनाही पडलेला होता. ऑगस्ट वाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापून पाहिल्या, पाच पिढ्यांत ९०१ पिल्लं जन्मली आणि एकाचीही शेपटी आखूड नव्हती. मुलांना मात्र हा प्रयोग सांगू नका, रात्री पालकांचे फोन येतील.

परीक्षेत दोन कॉलमचाच प्रश्न येणार असेल तर मुलांना तेवढंच सांगा की तिथे 'बाहेरून झालं' वालं कार्ड सहसा येत नाही, आलंच तर जन्मजातमध्ये टाकायचं नाही. आणि तुमची पुढची चाचणी बनवताना दहापैकी निदान चार कार्डं अशी ठेवा की 'दिसतं ते जन्मजात' वाला नियम लावला तर ती चुकतील. पहिल्यांदा वर्गाचे मार्क पडतील, पालक विचारतील की मागच्या वेळी तर सगळं बरोबर होतं, तेव्हा त्यांना ती चार कार्डंच दाखवा आणि आधी त्यांना लावायला सांगा.